ओलावा जास्त, माल परत

हितेंद्र बऱ्हाट्यांच्या तोंडून 'ओलावा कमी' हे दोन शब्द जळगाव जिल्ह्यात कोणी ऐकले नव्हते. ऐकायला मिळायचे ते तीन. 'ओलावा जास्त. परत.'

सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकात कापसाची गाडी शिरली की हितेंद्रभाऊ चष्मा कपाळावर चढवत, कापसात कोपरापर्यंत हात घालत, आतला मूठभर माल बाहेर काढत, त्यातला चिमूटभर दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढत आणि तो तुटताना कान देऊन ऐकत. तंतूच्या आवाजावरून माल कुठल्या शिवारातला हे ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती बरीचशी त्यांनी स्वतःच पसरवलेली होती, पण निम्मी तरी खरी होती. मालाची प्रत ठरवायच्या तेवीस वर्षांच्या ग्रेडरकीत त्यांनी एकच वैरी मानला, तो म्हणजे पाणी. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे त्यांनी इतके पकडले होते, की ओलं काही दिसलं की त्यांना आधी लबाडी आठवायची. घरी आमटी पातळ झाली तरी ते ताटावरून विचारायचे, "यात पाणी कोणी मारलं?"

अशा माणसाच्या बायकोचे केस तुटायला लागले.

मोहिनीवहिनींची वेणी साधीसुधी नव्हती. कॉलनीत नवीन आलेल्या माणसाला पत्ता सांगताना लोक 'त्या लांब वेणीवाल्या बाईंच्या समोरचं घर' असं सांगत. माघ महिन्यात धुळ्याला बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. तिथं लग्नघरातल्या हौशी पोरींनी हळदीला, लग्नाला आणि पूजेला, असे तीन दिवस त्या वेणीवर गरम इस्त्रीचं यंत्र फिरवलं आणि वर कसलंसं औषध चोपडलं. तीन दिवस केस रेशमासारखे झुलले. महिन्याभरात ते केरात दिसू लागले. मग उशीवर, मग पोळीत. पोळीत निघालेला केस हितेंद्रभाऊंनी ताटाच्या कडेला ठेवला नाही. तो दोन अंगठ्यांत धरून ओढला.

"तुटला," ते म्हणाले.

"तेच तर सांगतेय महिनाभर," वहिनी म्हणाल्या.

त्याच दिवशी सारिकाचा फोन आला. सारिका म्हणजे वहिनींची भाची, त्याच लग्नातल्या नवरदेवाची बहीण. तिचं धुळ्यात, देवपुरात पार्लर होतं. लग्नात ती पाहुण्यांच्या सरबराईत अडकली आणि तिच्या पाठीमागे हा उद्योग झाला, याचं तिला वाईट वाटत होतं. वहिनींनी फोन स्पीकरवर ठेवला.

"मावशी, नीट ऐक. केसाला दोन गोष्टी लागतात. प्रोटीन आणि ओलावा. प्रोटीननं ताकद येते, ओलाव्यानं लवचीकपणा येतो. एक जास्त झालं की दुसरं बिघडतं. ओला केस हलक्या हातानं ओढून बघ. थोडा ताणला गेला आणि परत जागेवर आला, तर ठीक. रबरासारखा ताणतच गेला, तर प्रोटीन कमी. आणि ताणलाच नाही, कट्‌कन तुटला, तर समजायचं ओलावा..."

"जास्त," हितेंद्रभाऊ घास गिळत म्हणाले.

"कमी, काका."

"हे बघ सारिका, तुझं शिक्षण किती वर्षांचं?"

"दीड वर्षाचा कोर्स केलाय."

"मी तेवीस वर्षं तंतू ओढतोय," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या लेखी प्रश्न मिटला.

वहिनींचा मात्र मिटला नव्हता. भांडी घासता घासता त्या शांतपणे म्हणाल्या, "अक्षय्य तृतीयेची आखाजी महिन्यावर आलीय. माहेरी गेले की सगळ्या वहिन्या झोक्यावर बसायच्या आधी माझी वेणी हातात घेऊन बघतात. हा असा झाडू घेऊन मी चोपड्याला जाणार नाही. तोवर तुटायचं थांबलं तर ठीक, नाहीतर धुळ्याला जाऊन खांद्यापर्यंत कापून टाकते. मोकळी होते."

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच गोष्टीला टांगलेलं आहे. बावीस वर्षांपूर्वी भाऊ मुलगी पाहायला चोपड्याला गेले होते. मोहिनी चहाचा ट्रे ठेवून वळली आणि तिचा एक लांब केस भाऊंच्या बाहीवर राहिला. नोकरी नवीन होती, हाताला चाळा लागलेला होता. त्यांनी तो केस उचलला, दहा-बारा पाहुण्यांच्या देखत दोन अंगठ्यांत धरला, ओढला, कान दिला, आणि मोठ्यानं म्हणाले, "लांबी उत्तम, ताकद उत्तम." बैठकीत हशा पिकला आणि लग्न ठरलं. भाऊंनी बायकोच्या रूपाबद्दल काढलेला तो पहिला उद्गार. दुसरा अजून यायचा होता.

आताही दुसरा येईल असं एक क्षण वाटलं. भाऊंनी घसा खाकरला. "कापायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "माल मूळचा चांगला आहे. प्रतवारी माझ्यावर सोपव."

*

प्रतवारी करायची तर यंत्र हवं. जिनिंगमध्ये ओलावा मोजायचं एक यंत्र होतं. हातात मावेल एवढं, पुढे दोन लांब सुया. सुया मालात खुपसल्या की आकडा दिसतो. आठ ते बारा असला की गाडी आत, बाराच्या वर गेला की परत. हंगाम संपत आला होता, गाड्या तुरळक येत होत्या. रविवारपुरतं यंत्र घरी न्यायला कोणाची हरकत नव्हती. फक्त फाटकावर लोटनकडे पास करावा लागत होता.

लोटन शिंदखेड्याचा. फाटकावर बारा वर्षं. वस्तू बाहेर जाण्यापेक्षा रजिस्टरचा रकाना रिकामा राहणं त्याला जास्त झोंबायचं.

"भाऊ, वस्तूनं नाव लिखं. परत कधी?"

"सोमवारी."

"कारण?"

"कारण कशाला? घरी नेतोय."

"कारण लिखनं पडस, भाऊ. मागे एकजण वजनकाटा ली गया, कारण कोरं ठेवं, साहेबनी मालेच नोटीस दिधी."

भाऊंना खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं मोठ्यानं सांगायचं नव्हतं, कारण मागे दोन हमाल उभे होते. ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "लिही. पत्नीचे केस. तपासणी."

लोटनचा हात थांबला. त्यानं मान वर करून भाऊंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एकाएकी फार माया आली. "वहिनीनी केस?" तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला.

"केस नव्हे, केस. वहिनीचे."

"तेच ना भाऊ. बायकोनी केस का बायकोना केस, तरास एकच शे." आणि त्यानं घोटून घोटून सुंदर अक्षरात लिहिलं: 'पत्नीची केस. तपासणी चालू.' मग भाऊंच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "चिंता करू नका. कोणले सांगस नही मी."

भाऊंना वाटलं, माणूस भला आहे. त्यांनी न वाचता सही ठोकली. दुसऱ्यांच्या पावतीवरचा एकेक आकडा तपासणारा माणूस स्वतःच्या पासावर मात्र डोळे मिटून सही करतो, हे आपल्याकडे पहिल्यापासून चालत आलेलं आहे.

*

रविवारी सकाळी हितेंद्रभाऊंनी वहिनींना गच्चीच्या जिन्यावर उजेडात बसवलं आणि वेणीच्या मधोमध सुया खुपसल्या. आकडा आला एकोणीस.

"एकोणीस!" भाऊ ओरडले. "बाराच्या वर वर्ज्य, आणि इथं एकोणीस! यात पाणी मारलंय!"

"आत्ताच न्हाले मी. टॉवेल काढून बसवलंत मला."

"सगळे हेच सांगतात," भाऊ म्हणाले. "काल दव पडलं, परवा शिंतोडे आले. मी ऐकत नसतो."

त्या क्षणापासून बऱ्हाट्यांच्या घरात ओलावाबंदी लागू झाली. खोबरेल तेल फडताळात गेलं. केस धुतल्यावर लावायची क्रीमची बाटली त्याच्या शेजारी गेली. फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली भाऊंच्या खिशात. सारिकानं धुळ्याहून प्रोटीनची बाटली पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती, 'महिन्यातून एकदाच, आणि दर वेळी नंतर ओलाव्याची क्रीम भरपूर.' भाऊंनी चिठ्ठीचा पहिला अर्धा भाग वाचला. महिन्यातून एकदा हा सामान्य मालाचा हिशेब झाला, इथं परिस्थिती गंभीर आहे, असं ठरवून त्यांनी एकाआड एक दिवस बाटली सुरू केली. चिठ्ठीचा दुसरा अर्धा भाग फडताळात गेला.

वहिनींनी हे का चालवून घेतलं, असं कोणी विचारील. एक तर त्यांना वेणी वाचवायची होती. आणि दुसरं असं, की बावीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच रोज सकाळी दहा मिनिटं त्यांच्या मागे उभा राहून त्यांचे केस हातात धरत होता. हे दुसरं कारण त्यांनी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दहा दिवसांत बाटली संपली आणि केस आणखी तुटू लागले. भाऊ म्हणाले, "मात्रा कमी पडतेय."

शेजारी गिरधरनाना राहत. कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक आजार अन्नद्रव्याच्या कमतरतेतून होतो, आणि त्यांनी आपल्या गुडघ्याचंही निदान एकदा माती परीक्षणाच्या भाषेत केलं होतं. कुंपणावरून वेणी पाहून ते म्हणाले, "नत्र कमी आहे. पानं पिवळी पडतात ना, तसंच. बाटलीतलं काय घेता? डाळीत नत्र. उडदाची डाळ भिजवा, वाटा आणि मुळापासून शेंड्यापर्यंत द्या. दिवसभर ऊन दाखवा."

"आणि पाणी?"

"पाण्याचा ताण द्यायचा. ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही."

पाण्याला नाही म्हणणारा माणूस भाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांचे डोळे भरून आले.

चैत्रातलं जळगावचं ऊन सांगायची गोष्ट नव्हे. गच्चीवर ठेवलेली बादली दुपारी हाताला चटका देते. त्या गच्चीवर मोहिनीवहिनी सकाळी नऊला डोक्यावर अडीच शेर वाटलेली उडदाची डाळ घेऊन बसल्या. साडेनऊला डाळ सुकू लागली. दहाला तिला तडे गेले. सव्वादहाला वहिनींनी मान वळवायचा प्रयत्न केला, तर वेणी वळेना. ती पाठीमागे सरळ उभी राहिली होती. एक कावळा आला, कठड्यावर बसला आणि अभ्यास करू लागला.

"अहो," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला खाली न्या."

तेवढ्यात इंदिराबाई, म्हणजे भाऊंच्या आई, पापडाची डाळ कुठे गेली ते शोधत जिना चढून आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय रे हितू, हे तर मही पापडाची डाय! पापड लाटाले ठेवली होती, तू बायकोच्या डोस्क्यावर वाळवन घातलं व्हय रे?"

"आई, प्रोटीन आहे ते."

"पोटीन असो का फुटीन, तेल लावल्याबिगर निघनार नही. दे किल्ली."

"तेल बंद आहे."

इंदिराबाईंनी पुढे वाद घातला नाही. मुलाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. हे काम त्यांनी त्याच्या वयाच्या सातव्या वर्षी शेवटचं केलं होतं, पण हात विसरला नव्हता. दुपारभर सासू सुनेच्या केसांतली डाळ तेलानं सोडवत बसली. टोपलीभर डाळ निघाली, आणि डाळीबरोबर दोन मुठी केस निघाले.

ते केस वहिनींनी कागदात गुंडाळून ठेवले. संध्याकाळी त्या फणी घेऊन आतल्या खोलीत बसल्या होत्या आणि भाऊ बाहेर पेपर वाचत होते. तेवढ्यात भाऊंच्या कानावर आवाज आला. तड. मग पुन्हा, तड. भाऊंनी पेपर खाली ठेवला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हंगामाच्या शेवटी उन्हात पडून करपलेला कापूस ओढला की असाच तुटतो. असा माल क्वचित येतो, आणि त्यात काय नसतं ते नवा पोऱ्याही सांगेल. भाऊंना ते कळलं. नीट कळलं. पण तेवीस वर्षांची जीभ आणि गिरधरनानांची साक्ष बाजूला ठेवून धुळ्याच्या दीड वर्षाच्या कोर्सवाल्या पोरीपुढे मान खाली घालायची, म्हणजे काय गंमत आहे? त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. त्या पानावरची एक ओळही त्यांना आठवत नाही.

*

इकडे जिनिंगमध्ये वेगळंच पीक उगवलं होतं. लोटननं कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त रजिस्टर उघडं ठेवलं होतं. हमालांनी वाचलं, काटेवाल्यानं वाचलं. यंत्र सोमवारी परत आलंच नव्हतं, कारण भाऊंनी ते आधी रोजचा आकडा बघायला आणि मग डाळ लावायच्या आधी आणि नंतर मोजायला ठेवून घेतलं होतं, आणि आता त्याच्या सुयांवर उडीद घट्ट बसला होता. त्यामुळे रजिस्टरात 'तपासणी चालू' हा शेरा रोज नव्यानं वाचला जात होता. तपासणी तीन आठवडे चालू, म्हणजे केस भारी असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

भाऊंना फक्त एवढं जाणवलं, की लोक एकाएकी चांगले वागू लागले आहेत. काटेवाला चहाचा कप स्वतः आणून देऊ लागला. एका हमालानं सांगितलं, "भाऊ, माझ्याबी मेव्हण्याची तीन वर्षं चालली. शेवटी गोड झालं." भाऊंना वाटलं, याच्या मेव्हण्याचेही केस गळत असावेत. ते म्हणाले, "काय लावलं मग?"

"वकील लावला."

भाऊंनी मान हलवली. वकील नावाचं तेल त्यांनी ऐकलं नव्हतं.

मग मॅनेजर चंदनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटलं. "बऱ्हाटे, खासगीत बोलतो. अशा गोष्टी ताणू नयेत."

"मीही तेच म्हणतो साहेब. ताणलं की तुटतं."

"बाईमाणसाची बाजूही समजून घ्यावी."

"दोन्ही बाजूंनी लावतोय साहेब. मुळांपासून."

चंदनसाहेब रजेचा अर्ज पुढे सरकवत म्हणाले, "आठ दिवस रजा घ्या."

रजेच्या दुसऱ्या दिवशी दारात जीप उभी राहिली. आखाजी चार दिवसांवर होती. त्यामुळे वहिनींना न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येणारच होता. पण एक मुऱ्हाळी यायचा, तिथं जीपमधून पाच माणसं उतरली. पुढे वहिनींचे वडील पितांबरआबा, पांढरीशुभ्र टोपी घालून. मागे दोन काका, एक चुलतभाऊ आणि गावात तंटे मिटवणारे म्हणून ज्यांना मान होता ते कौतिकभाऊ. लोटनचा साडू चोपड्याच्या बाजारात हमाल होता, एवढं सांगितलं की पुरे.

सगळे गंभीर चेहऱ्यानं सतरंजीवर बसले. पाणी कोणी प्यायलं नाही.

"पाव्हने," आबा म्हणाले, "आम्ही भांडाले नही आलो. बावीस वर्सं झाले, एक सबूद कानावर आला नही. अन् आता एकदम केस? आमच्या पोरीनं केस कायले केली, हे आम्हाले समजलं पायजे."

"केस केली नाही आबा, केस होतेच," भाऊ म्हणाले. "तुटायला लागले."

"तुटाची भाषा कायले करता?" कौतिकभाऊ हात जोडून म्हणाले. "अजून काही तुटलं नही. बसू, बोलू, मिटवू."

"रोज तुटतंय हो! मुठीनं तुटतंय!"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. चुलतभाऊ उठून उभा राहिला. काकांनी त्याला खाली बसवलं. प्रकरण कुठल्या थराला गेलं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात डोक्यावर पदर घट्ट लपेटून मोहिनीवहिनी दारात आल्या.

"मोहिनी," आबा म्हणाले, "तुही काय केस आहे, ते पाच मानसांत सांग. घाबरू नको."

वहिनींनी एकदा वडिलांकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना सगळा घोळ एका क्षणात कळला. बायकांना कळतो. त्यांनी पदर खाली ओढला.

"हे आहेत माझे केस, आबा."

गुडघ्यापर्यंतच्या त्या वेणीचा कमरेखाली नुसता खराटा झाला होता. कानामागे तुटके केस उभे राहिले होते. मागच्या आखाजीला ही वेणी पाहिलेली माणसं पुढे सरकून बघू लागली. मग धाकट्या काकांना सगळं उमगलं आणि ते गुडघ्यावर थापा मारून हसायला लागले. त्यांच्यामागे चुलतभाऊ, त्याच्यामागे कौतिकभाऊ. सगळे हसत असताना फक्त आबा हसले नाहीत, वहिनी हसल्या नाहीत आणि हितेंद्रभाऊ तर नाहीच नाही.

"म्हंजे भांडन नही?" आबांनी विचारलं.

"भांडण नाही," वहिनी म्हणाल्या. "पण पाच माणसं आलीच आहात, तर तक्रार सांगते. आबा, हे मला पाहायला आले तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं?"

"लांबी उत्तम, ताकद उत्तम," सगळे एका सुरात म्हणाले. चोपड्यात ते वाक्य कोणी विसरलेलं नव्हतं.

"त्यानंतर बावीस वर्षांत हे माझ्याबद्दल एक शब्द चांगला बोलले नाहीत. वाईटही बोलले नाहीत. पण ते एक वाक्य होतं ना, म्हणून मी ही वेणी जपली. पाच तास लागायचे वाळायला, तरी जपली. आता वेणीच राहिली नाही. म्हणजे माझ्याजवळ यांचं बोललेलं काहीच उरलं नाही. एवढीच केस आहे माझी."

हसणं थांबलं. हितेंद्रभाऊ उठले. त्यांचे कान लाल झाले होते. न पिता ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यात त्यांनी बोटं बुडवली, बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले आणि एक केस बोटांनी ओला करून अलगद ओढला. सारिकानं सांगितलं होतं अगदी तसा. केस ताणला नाही. कट्‌कन तुटला. त्यांनी दुसरा ओढला. तोही तसाच.

पाच माणसं बघत होती. आई दारात उभी होती. कुंपणापलीकडे गिरधरनाना कान देऊन होते. भाऊंनी दोन्ही तुटके केस तळहातावर ठेवले. मग म्हणाले,

"ओलावा... कमी आहे."

"कशात?" इंदिराबाईंनी दारातून विचारलं.

"केसांत."

"अन्?"

भाऊंनी आईकडे पाहिलं. मग खाली सतरंजीकडे पाहिलं. "आणि माझ्यात," ते म्हणाले, आणि किल्ली आणायला म्हणून जे आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. किल्ली आईच्या कमरेला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः वहिनींना घेऊन आबांच्या जीपमधून धुळ्याला गेले. सारिकानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. तुटून गेलं ते जुळत नाही, असं सांगून तिनं खालचा खराटा कापला. वेणी कमरेवर आली. प्रोटीन महिनाभर बंद. आठवड्यातून दोनदा ओलाव्याची क्रीम, त्याआधी कोमट तेल. मग महिन्यानं केस ओढून बघायचा, आणि तो काय मागतो ते त्याला द्यायचं. भाऊंनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि एक प्रश्न विचारला, "ओलावा जास्त झाला तर?"

"होईल ना काका. मग केस लुळा पडेल. पण तुमच्या घरी एवढ्यात होईल असं वाटत नाही."

तिथूनच आबांची जीप वहिनींना घेऊन चोपड्याला गेली.

भाऊ घरी आले. यंत्राच्या सुया टाचणीनं खरवडून साफ केल्या आणि रजा अर्धवट टाकून ते जिनिंगच्या फाटकावर हजर झाले. लोटननं रजिस्टर पुढे सरकवलं.

"केसना निकाल काय लागना, भाऊ?"

"लागला."

"मंग शेरा लिखा. वस्तू परत करताना शेरा लिखनं पडस."

भाऊंनी पहिल्यांदाच वरची ओळ वाचली. 'पत्नीची केस. तपासणी चालू.' त्यांनी लोटनकडे पाहिलं. लोटन निष्पापपणे पेनचं टोपण काढत होता. भाऊंनी ते पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर टेकवलं. मागे दोन हमाल उभे होते. काटेवाला येऊन थांबला. भाऊंनी कोणाकडे पाहिलं नाही. कापसाच्या पावतीवर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं:

'माल पहिल्यापासून अव्वल. लांबी कमी झाली तरी अव्वल. चूक ग्रेडरची.' खाली सही. मग थोडं थांबून सहीच्या खाली अजून एक ओळ: 'दिसते छान.'

लोटन कोणाला सांगत नसे. त्यानं फक्त फोटो काढला. फोटो साडूला गेला, साडूकडून आबांच्या गड्याला, आणि आखाजीच्या दिवशी दुपारी चोपड्याला कडुनिंबाच्या झोक्यावर बसलेल्या चार वहिन्यांनी तो एकसुरात वाचून दाखवला. झोका म्हणे बराच वेळ हललाच नाही.

तिसऱ्या प्रहरी हितेंद्रभाऊंचा फोन वाजला.

"शेरा वाचला," पलीकडून आवाज आला. मागे बायकांचं हसणं आणि आखाजीची गाणी ऐकू येत होती.

"मग?" भाऊंनी विचारलं. तेवीस वर्षांत असंख्य गाडीवाल्यांनी त्यांच्यासमोर उभं राहून असाच श्वास रोखला होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

मोहिनीवहिनींनी मुद्दाम वेळ लावला. मग अगदी त्यांच्याच सुरात म्हणाल्या,

"ओलावा कमी. पण माल ठेवून घेतला."